मृगाच्या तोंडावर व्हँडा : नांदेड ते माहूर, पाच दिवस

मराठवाड्यात व्हँडा हा झाडावर वाढणारा आमर, म्हणजे ऑर्किड, फुलावर पाहायचा असेल तर जूनचा पहिला आठवडा धरावा. मृग लागायच्या आत सागाला पान फुटलेलं नसतं किंवा नुकतं फुटत असतं. त्यामुळे फांदीवर बसलेलं झाड खालून दिसतं. पंधरा दिवसांनी तेच रान इतकं भरून येतं की दहा फुटांवरचा व्हँडाही नजरेतून सुटतो. याच दिवसांत त्याचे तुरे उमललेले असतात आणि आधी फुललेल्या तुऱ्यांवर हिरवी बोंडंही धरलेली असतात, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही अवस्था बघायला मिळतात. वाटाही अजून कोरड्या असतात. किनवटच्या काळ्या मातीत एकदा पाऊस पडला की गाडी सोडा, पायातली चप्पलसुद्धा निघत नाही.

व्हँडा ही आमरांची एक प्रजाती. तिच्यात सत्तर-ऐंशी जाती धरतात. ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या दमट रानांत या जाती झाडांवर वाढतात. उन्हाळ्यात ४३-४४ अंश तापणाऱ्या आपल्या भागात सहज भेटते ती एकच, व्हँडा टेसेलाटा. औषधी वनस्पतींच्या याद्यांत तिला रास्ना म्हणतात. सदाहरित रानाच्या घराण्यातली ही एक जात आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मुलखात कशी टिकते, हे पाहण्यासाठी ही फेरी आखली.

सोबत घ्यायचं सामान थोडकं आहे. ८×४२ ची दुर्बीण, १० पट मोठं दाखवणारं भिंग, कापडी टेप, वही आणि पाणी फवारायची छोटी बाटली एवढ्यावर भागतं. बाटलीचा उपयोग पुढे येईलच. प्यायचं पाणी माणशी किमान चार लिटर. चालायचं सकाळी साडेपाच ते दहा आणि दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळात रानात फिरण्यात अर्थ नाही. ऊन तर असतंच, पण वरून येणाऱ्या प्रकाशात फांद्या नुसत्या काळ्या दिसतात आणि हाती काही लागत नाही. राखीव जंगलात शिरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावं आणि वनरक्षक सोबत असावा.

पहिला दिवस, ५ जून : नांदेड, मुदखेड, भोकर

नांदेडहून मुदखेडमार्गे भोकर. शोध जंगलात सुरू न करता आंबराईत सुरू केला. व्हँडासारखा आमर पहिल्यांदाच शोधणाऱ्याने हाच क्रम ठेवावा. जुन्या रायवळ आंब्याची साल खरबरीत, भेगाळलेली असते. भेगांत धूळ, शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा साठतो, मुळाला धरायला जागा मिळते आणि बारा महिने वर पानांची सावली असते. एखादी आमराई नीट पाहिली की नजर बसते.

नजर कुठे लावायची तेही ठरलेलं आहे. शेंड्याकडे पाहू नये, तिथे काही सापडत नाही. जमिनीपासून दहा ते पंचवीस फुटांच्या टप्प्यात, खोडातून जाड फांदी जिथे फुटते त्या बेचक्यात पाहावं. आडव्या फांदीची वरची बाजूही सोडू नये. दुर्बिणीत पानं शोधण्याऐवजी मुळं शोधावीत. करंगळीपेक्षा थोडी बारीक, चुनकळीसारखी पांढरट, सालीवर सापासारखी सरपटणारी आणि काही हवेत लोंबणारी. मुळं दिसली की वर चढत जावं. तिथे जाड, चिवट, अरुंद पट्ट्यांसारखी पानं दोन ओळींत समोरासमोर लागलेली दिसतात. पान मधोमध पन्हाळीसारखं दुमडलेलं असतं, लांबी अर्ध्या वितीपासून वितीपर्यंत. त्याचं टोक पाहिलं की शंका उरत नाही. ते निमुळतं नसतं, उंदराने कुरतडल्यासारखं वेडंवाकडं तुटलेलं दिसतं. फूल नसताना ऱ्हिन्कोस्टायलिस या दुसऱ्या आमराशी गल्लत होऊ शकते. त्याची पानं अधिक मांसल आणि त्यांवर फिकट उभ्या रेषा असतात.

पहिला व्हँडा सापडला तो आंबा साडेआठ फूट घेराचा. ज्यांचं शेत होतं ते काका खाली उभे राहून म्हणाले, "बांडगूळ हाय ते. आंब्याचा रस पितंय. औंदा काढूनच टाकणार होतो."

व्हँडाचा आपल्याकडे सगळ्यात जास्त घात याच गैरसमजाने होतो, म्हणून इथे सावकाश थांबायला हवं. योगायोगाने त्याच आंब्याच्या दुसऱ्या फांदीवर खरं बांडगूळही होतं. दोन्ही एकाच झाडावर दाखवता आली. बांडगुळाची पानं रुंद, साधी आणि फांद्या लाकडी असतात. फुलं नळीसारखी, केशरी-तांबडी. ते जिथे फांदीला जुळतं तिथे गाठ येते, कारण त्याचं शोषकमूळ सालीतून आत लाकडापर्यंत घुसलेलं असतं. गाठीच्या पुढची फांदी बारीक होत वाळत जाते. व्हँडाच्या खाली अशी गाठ कधीच नसते. त्याचं मूळ सालीच्या वरवरच्या मेलेल्या थराला चिकटतं, आत जात नाही. हलक्या हाताने एक सुटं मूळ उचललं तर खालची साल जशीच्या तशी राहते. झाडाकडून तो फक्त बसायला जागा घेतो. पाणी, खनिजं, अन्न सगळं पावसाच्या ओघळातून, धुळीतून, पाखरांच्या विष्ठेतून आणि स्वतःच्या हिरव्या पानांतून मिळवतो. काकांनी दोन्ही फांद्यांना हात लावून पाहिला. बांडगूळ फांदीसकट उतरवायचं आणि व्हँडा राहू द्यायचा, असं तिथेच ठरलं. बांडगूळ काढताना फांदी गाठीच्या मागे खोडाच्या बाजूला दीड-दोन फूट सोडून तोडावी. नुसतं वरचं झुडूप छाटलं तर आतल्या मुळातून ते पुन्हा फुटतं.

गंमत अशी की हा घोळ थेट शास्त्रीय नावापर्यंत गेलेला आहे. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतीला 'वन्दा' म्हणतात, म्हणजे आपलं बांडगूळच. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी तोच शब्द या आमराला लावला. ते १७९४ मध्ये वारले आणि त्यांचं हे लिखाण १७९५ साली छापून आलं. त्याच वर्षी रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या चित्रग्रंथात हीच जात 'एपिडेंड्रम टेसेलॅटम' म्हणून छापली. टेसेलाटा म्हणजे चौकड्यांचा, फुलावरच्या तपकिरी जाळीवरून. पुढे दोन्ही नावं जोडली गेली. जगभरात 'व्हँडा' म्हणून लाखोंनी खपणाऱ्या फुलांच्या प्रजातीची मूळ नमुना-जात म्हणून आपल्या बांधावरची ही जात धरली जाते.

दुसरा दिवस, ६ जून : हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट

हा दिवस बहुतेक प्रवासाचा. भोकरहून हिमायतनगर, तिथून इस्लापूरजवळचं सहस्रकुंड. पैनगंगेचा धबधबा या दिवसांत नावालाच असतो. काळ्या खडकावरून दोन-तीन बारीक धारा. नदीकाठी अर्जुनाची मोठमोठी झाडं आहेत. पाणी जवळ, सावली दाट, म्हणजे आमर असणार असं वाटतं आणि वेळ जातो. अर्जुनाची साल गुळगुळीत आणि तिचे पापुद्रे गळतात. त्यावर रुजलेलं रोप पापुद्र्यासोबत खाली येतं. हेच कांडोळाचं, हेच पेरूचं. दमटपणा कितीही असला तरी साल टिकली नाही तर आमर टिकत नाही.

इस्लापूर ते किनवट रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग आहे. सागावर व्हँडा बसतो, पण मोहासारखा नाही. सागाच्या सालीवर उभ्या धाग्यासारख्या भेगा असतात. त्या मूळ धरतात खरं, पण ऐन उन्हाळ्यात साग नागडा होतो आणि फांदीवर थेट ऊन पडतं. तिथली झाडं खुजी, पानं पिवळट, टोकांना तांबूस ठिपके. मोहाला चैत्रातच नवी पालवी येते, म्हणजे वैशाखाच्या ऊन्हात वर छत्री तयार असते. साल जाड, चौकोनी भेगांची. मोहावरची झाडं हिरवी आणि दीड-दोन हात लांब वाढलेली. किनवट भागात मोह तोडत नाहीत, कारण फुलं आणि टोळी यांचा घराला आधार असतो. व्हँडाला या रिवाजाचं आयतं संरक्षण मिळालं आहे. आंब्याचं तसं नाही. रायवळ आंबा तोडून केशरची कलमं लावली की पन्नास-साठ वर्षांची साल एका दिवसात जाते आणि कलमाच्या बुटक्या, फवारणी झालेल्या खोडावर व्हँडा पुन्हा रुजायला दुसरी पिढी लागते.

मुक्काम किनवट.

तिसरा दिवस, ७ जून : किनवटचं रान

पहाटे साडेपाचला वनरक्षकासोबत रानात. रानाच्या कडेला एका वाकलेल्या मोहावर तुरा असा मिळाला की खाली उभं राहून भिंग लावता यावं. अशी संधी क्वचित येते, म्हणून तास-दीड तास तिथेच गेला.

तुरा पानाच्या बगलेतून निघालेला, वितीहून थोडा लांब, सात फुलं आणि टोकाला दोन कळ्या. फूल साधारण जुन्या रुपयाच्या दीडपट. पाच पाकळ्या, पण त्या सपाट पसरलेल्या नाहीत. बुडाशी अरुंद, पुढे रुंद, कडा लाटांसारख्या आणि जराशा मागे पिळलेल्या. आतून पिवळट हिरव्यावर तपकिरी रेघांची जाळी, पाठीमागून मात्र स्वच्छ पांढऱ्या. सहावी पाकळी म्हणजे ओठ, निळसर जांभळा, जाड, मधे कंबर आवळल्यासारखा आणि टोकाला आडवा कापलेला. ओठाच्या दोन बाजूंना लहान पांढरे कान. मागे निमुळती आखूड पिशवी. मधोमध आखूड खांब, त्यावर पांढरं टोपण. टोपणाखाली परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या एका चिकट पट्टीला जोडलेल्या असतात. आमराचा पराग भुकटीसारखा उडत नाही. किडा आत डोकावला की ती पट्टी अख्खी त्याला चिकटते आणि पुढच्या फुलावर नेऊन टेकवली जाते. नेम चुकला की सगळा पराग वाया. म्हणूनच सात फुलांच्या तुऱ्यावर बहुतेक वेळा एखादंच बोंड धरतं, तेही धरलं तर. तुरा हौसेने तोडला तर त्या झाडाचा वर्षाचा वंशच जातो, तो याच हिशोबाने.

वास सकाळी नऊच्या सुमारास सगळ्यात जाणवला, गोडसर. ऊन चढल्यावर कमी झाला.

छायाचित्रं घेताना फूल समोरून घेऊन थांबू नये. बाजूने पिशवी दिसेल असं एक, ओठाच्या टोकाचं एक, पानाच्या टोकाचं एक, मुळांचं एक आणि यजमान झाडाच्या सालीचं एक, इतकं असलं तर घरी बसून जात पक्की करता येते. नुसत्या समोरच्या फोटोवरून रंग फसवतो, कारण याच जातीत फिकट पिवळ्यापासून निळसर छटेपर्यंत फरक असतो. जागेचे नेमके अक्षांश-रेखांश फोटोसोबत कुठेही टाकू नयेत. तालुक्याचं नाव पुरे.

दुपारी चारच्या पुढे ढग दाटले आणि पाचच्या सुमारास मृगाचा पहिला शिरवा आला, पंधरा-वीस मिनिटांचा. यासाठीच थांबलो होतो. त्याआधी खाली पडलेल्या एका तुटक्या मुळावर बाटलीने पाणी फवारून पाहिलं होतं, पण झाडावर ते होताना पाहणं वेगळं. खोडावरून पहिला ओघळ आला. पांढरट मुळावर जिथे पाणी लागलं तिथे राखाडी डाग पडला, डाग पसरला आणि मिनिटाभरात ते मूळ हिरवंगार झालं. ओघळ जसा खाली सरकला तसा हिरवा पट्टाही खाली सरकत गेला. वर हवेत लोंबणारी, थेंब न लागलेली मुळं अजून पांढरीच होती.

यामागे मुळाची रचना आहे. आमराच्या हवाई मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचे अनेक थर असतात. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना या पेशींत हवा असते, तिच्यामुळे मूळ पांढरं दिसतं आणि आतल्या जिवंत भागातलं पाणी उडत नाही. पाणी लागलं की टीपकागदासारखं ते थरांत भरतं, थर पारदर्शक होतात आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. मुळंही पानांसारखी अन्न तयार करतात, हे त्यावरून कळतं. पहिला ओघळ सगळ्यात मोलाचा असतो. खोडावर आठ महिने साठलेली धूळ आणि विष्ठेतलं नत्र त्याच पाण्यात विरघळून येतं. सर दहा मिनिटांची असली तरी मूळ आपला वाटा धरून ठेवतं आणि पुढे सावकाश आत घेतं.

दुसरी सोय पानात आहे. घायपात, कोरफड, अननस यांच्यासारखाच व्हँडाही पानांची छिद्रं दिवसा मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा छिद्रं बंद ठेवून उन्हात त्याचं अन्न करायचं. ४४ अंशांच्या दुपारी पान बंद दुकानासारखं असतं, म्हणून पाणी वाचतं. याची किंमत म्हणजे मंद वाढ. एका झाडाला वर्षाला मोजकीच नवी पानं येतात. दीड हात लांबीचा व्हँडा उपटला की कित्येक वर्षांची वाढ एका झटक्यात गेलेली असते.

चौथा दिवस, ८ जून : उनकेश्वर, माहूर

किनवटहून उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडं पाहून माहूर गाठलं. उनकेश्वरला आमराच्या दृष्टीने काही नाही. गंधकाच्या पाण्याजवळची झाडी विरळ आहे. माहूरला रेणुकामातेचं दर्शन, तांबुलाचा प्रसाद आणि मग दत्तशिखराकडच्या रानात.

आदल्या रात्रीच्या वाऱ्याने वाटेवर एक वाळकी फांदी पडली होती, तिच्यावर व्हँडाची दोन झाडं. पडलेला व्हँडा जमिनीवर राहिला तर एका पावसाळ्यात कुजतो, कारण मुळांना हवा लागत नाही. शिवाय वाळवी आधी फांदीला आणि मग त्याला गाठते. वनरक्षकाच्या परवानगीने आणि त्याच्यादेखतच दोन्ही झाडं पुन्हा चढवली. अभयारण्यात परवानगीशिवाय पडलेलं पानही उचलता येत नाही, हे लक्षात असू द्यावं. शेतात मालकाची संमती पुरते.

पद्धत अशी. मुळं फांदीपासून सोडवू नयेत. सालीचा तुकडा मुळांसकट धारदार कोयत्याने सोलून घ्यावा किंवा फांदी बारीक असेल तर दोन्ही बाजूंना वीतभर ठेवून कापावी. नवं झाड त्याच जातीचं, नसेल तर मोह किंवा आंबा निवडावं. पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू घ्यावी, पश्चिमेचं ऊन टाळावं. बेचक्याच्या थोडं वर, जिथे पावसाचा ओघळ येतो तिथे तुकडा टेकवून सुती दोरीने किंवा काथ्याने दोन ठिकाणी बांधावं. दोरी मुळांवरून जावी, खोडाच्या शेंड्यावरून नाही. झाड किंचित कललेलं असावं, म्हणजे पानांच्या बगलेत पाणी साठत नाही. तार आणि नायलॉन वापरू नये. फांदी जाड होते तशी ती सालीत रुतते. सुती दोरी वर्षभरात कुजून गळते, तोवर नव्या मुळांनी पकड घेतलेली असते. बुडाला ओलं शेवाळ किंवा शेणमाती थापायची सवय अनेकांना असते, तीही सोडावी. तिने मूळ गुदमरतं. हे काम जून-जुलैतच करावं. दिवाळीनंतर बांधलेलं झाड नवं मूळ न काढताच उन्हाळ्यात सापडतं.

माहूरच्या बाजारात मुळ्या-साली विकणाऱ्याच्या पाटीवर वाळलेली, सुरकुतलेली मुळं 'रास्ना' म्हणून मिळाली. ती भिंगाखाली व्हँडाची निघाली. आयुर्वेदात रास्ना मोठं औषध आहे, पण त्या नावाखाली वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी झाडं वापरतात. उत्तरेत प्लूचिया लॅन्सिओलाटा हे झुडूप, दक्षिणेत कुलंजन, बंगालकडे व्हँडाची मुळं. मूठभर वाळक्या मुळांसाठी अख्खं झाड उपटावं लागतं. वैद्यांनी आणि घेणाऱ्यांनी शेतात लावता येणारी रास्ना मागितली तर हा प्रश्न निम्म्याहून कमी होईल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जमिनीतले आमर या फेरीत दिसले नाहीत आणि दिसणारही नव्हते. हबेनारियाचे कंद अजून मातीत झोपलेले असतात. ते आषाढ-श्रावणात गवतातून वर येतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी लागते.

पाचवा दिवस, ९ जून : नांदेड, गच्चीवरचं शेडनेट

परतीच्या दिवशी नांदेडच्या एका गच्चीवरचं शेडनेट पाहिलं. तिथे थायलंडकडून आलेले संकरित व्हँडा टांगलेले आहेत, वीस टोपल्या. रानात जे पाहिलं त्याचा वापर इथे रोज करावा लागतो आणि तो नाही केला की काय होतं तेही इथेच दिसतं.

आधी निवड. रंगीत संकरांत बहुतेक वेळा व्हँडा सेरुलियाचं किंवा फिलिपाइन्सच्या व्हँडा सँडेरियानाचं रक्त असतं. दोघांचा संकर 'रॉथशिल्डियाना' १९३१ पासून प्रसिद्ध आहे. सेरुलिया ही खासी टेकड्यांसारख्या थंड उंचीवरची निळी जात. तिचा अंश जास्त असलेली झाडं आपल्या मे महिन्यात फूल तर देत नाहीतच, पानंही टाकतात. टेसेलाटाचं रक्त असलेले संकर उष्णता सोसतात आणि वासही देतात. नांदेड-लातूर-परभणीकडे सुरुवात त्यांनीच करावी.

लाकडी फळ्यांची ६ ते ८ इंचांची टोपली, आत कोळशाचे चार-पाच मोठे तुकडे किंवा काहीच नाही. माती, कोकोपीट, शेणखत अजिबात नको. घरी आणलेला व्हँडा मरतो तो बहुतेक वेळा कुंडीत मातीत लावल्यामुळेच. मुळं लोंबू द्यावीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ५० टक्के सावलीचं जाळं आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत ७५ टक्के. जाळं डोक्यावर किमान आठ फूट उंच असावं. खाली बांधलं तर त्याच्याच उष्णतेने शेंडे भाजतात. प्रकाश बरोबर आहे की नाही हे पानाचा रंग सांगतो. गर्द हिरवं म्हणजे सावली जास्त, फूल येणार नाही. पोपटी हिरवं म्हणजे ठीक. तांबूस ठिपके म्हणजे ऊन जास्त. हीच खूण आदल्या दिवसांत साग आणि मोहावर पाहिली होती.

पाणी सकाळी सातला. एकदा फवारायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा फवारायचं. पहिलं पाणी व्हेलामेन ओलं करतं, दुसरं भरतं. सगळी मुळं हिरवी झाली की थांबायचं. तीन-चार तासांत ती पुन्हा पांढरी व्हायला हवीत. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचपर्यंत दुसरी फेरी आणि जमिनीवर पाणी शिंपडणं. पावसाळ्यात आठवडाभर झड लागली तर पाणी बंद आणि वर पारदर्शक पत्रा. कारण बगलेत पाणी साचून शेंडा काळा पडतो, मधलं पान ओढताच निघून येतं आणि घाण वास येतो. असं झालं तर कुजका भाग निरोगी हिरवा गाभा दिसेपर्यंत ज्वाळेत तापवलेल्या पात्याने कापावा, कापल्या जागी तांब्याचं बुरशीनाशक लावावं आणि आठवडाभर झाड कोरडं ठेवावं. शेंडा गेला तरी बुडातून नवा फुटवा येऊ शकतो, म्हणून लगेच फेकू नये.

पण आपल्या भागात शेंडा कुजण्यापेक्षा मोठी अडचण बोअरच्या पाण्याची आहे. त्या गच्चीवरच्या दोन टोपल्यांच्या मुळांवर पांढरी खरखरीत साय चढली होती. मूळ ओलं केल्यावरही ती पांढरीच राहते, यावरून क्षार ओळखावा. वाढणाऱ्या मुळाचं टोक चकचकीत हिरवं असतं. क्षार बसला की ते तपकिरी पडून थांबतं. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. टीडीएसचा छोटा मीटर घेऊन एकदा मोजावं. उपाय छतावरच आहे. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशोबाने १००० लिटर. गळती आणि पहिलं गढूळ पाणी सोडूनही ७००-८०० लिटर हाती येतं. वीस टोपल्यांना दिवसाला दहा लिटर धरले तर झाकलेली १००० लिटरची टाकी शंभर दिवस पुरते, म्हणजे जवळजवळ सगळा उन्हाळा निघतो.

खत १९:१९:१९ किंवा २०:२०:२० असं विद्राव्य, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून मगच. कोरड्या मुळावर खत दिलं की टोक जळतं. चौथ्या आठवड्याला खत नाही, नुसतं भरपूर पावसाचं पाणी. खालची पानं सुरकुतून लोळायला लागली तर खताचा डोस वाढवू नये, झाड तहानलेलं असतं. रोज सकाळी फक्त मुळं अर्धा तास बादलीत बुडवावीत. शेंडा बुडू देऊ नये. दहा-पंधरा दिवसांत नवी मुळं टोचे काढतात.

विकत घेताना झाड प्रयोगशाळेत वाढलेलं आहे ना, ते पाहावं. आमराचं बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा नसतो. रानात एका ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बाटलीत साखर आणि क्षारांच्या थरावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आजची सगळी रोपं त्याच वाटेने येतात आणि चार ते सात वर्षांनी फुलावर येतात. रानातून ओरबाडलेलं झाड ओळखू येतं. मुळं आखूड तुटलेली, त्यांना सालीचे कपचे चिकटलेले, पानांवर जुने ओरखडे आणि बुरशीचे डाग. असं झाड स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. ते गच्चीवर सहसा दुसरा उन्हाळा पाहत नाही आणि आपण घेतलं म्हणून विकणारा आणखी चार उपटून आणतो.

भोकरच्या आंब्यावर यंदा एक बोंड धरलं आहे, बोटाएवढं, कंगोऱ्यांचं. ते पिकायला बरेच महिने लागतात. पिवळट पडून कंगोऱ्यांवरून उकललं की आतली धूळ वाऱ्यावर जाते आणि त्यातली एखादी त्याच आंब्याच्या भेगेत अडकते. काकांना फांदी दाखवून ठेवली आहे. पुढची फेरी फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर असताना.